संगणकाची पावती

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. दिवाळीत आमच्या लासलगावच्या बाजार समितीतले कांद्याचे लिलाव काही दिवस बंद असतात. एरवी सकाळपासून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगांनी भरलेला रस्ता तेवढे दिवस सुना होतो. मुलगा कांद्याच्या व्यापारात असल्याने त्यालाही उसंत मिळते ती तेव्हाच. पुण्याहून मुलगी आणि नात आल्या होत्या. घर भरलेले होते, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचा संगणक मात्र गेले काही दिवस एकच सूचना पुन्हा पुन्हा दाखवत होता. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आता विंडोज ११ घ्या, असा तिचा मतलब.

आमचे यंत्र २०१६ साली घेतलेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण २०१७ च्या पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालते-बोलते यंत्र, पण नव्या नियमात बसत नाही. मग नेहमीचा उपाय केला. संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन केला. तो माझाच जुना विद्यार्थी. आला, फराळ केला आणि म्हणाला, "सर, काळजीच करू नका. अकरा टाकून देतो. तपासणी चुकवायची युक्ती आहे, किल्लीपण माझ्याकडंच आहे. पाचशे रुपये द्या, बास."

नात शेजारीच उभी होती. तिने अगदी सहज विचारले, "दादा, त्याचं बिल मिळेल ना?"

तो हसला. "ताई, याचं कुठं बिल असतं?"

मीही हसलो. पण नात माझ्याकडे बघतच राहिली आणि माझे हसू जागच्या जागी विरले. कारण हे गाव कागदावर चालणारे आहे. १९४७ साली स्थापन झालेली बाजार समिती इथे आहे. शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा लिलाव झाला की वजनकाट्याची पावती होते, मग हिशेबपट्टी होते. भाव क्विंटलला किती, वजन किती, हमाली-तोलाई किती, सारे तिच्यात लिहिलेले असते. पट्टीत पाच-दहा रुपयांचा फरक निघाला तरी शेतकरी माघारी येतो, आणि त्याने यावेच. अशा गावात, ज्याच्या घरातून रोज पट्ट्या निघतात त्या घरातला संगणक मात्र गेली पंचवीस वर्षे बिनपावतीचा चालला होता. आणि मी, या घराचा कर्ता पुरुष, शाळेत चौतीस वर्षे मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवले!

आमचा पहिला संगणक २००० सालच्या उन्हाळ्यात आला. नाशिकच्या एका दुकानात सुटे भाग जोडून तयार करून घेतला होता. त्याचे बिल अजून माझ्या फायलीत आहे. त्यात मॉनिटर आहे, कीबोर्ड आहे, हार्ड डिस्क आहे, माउस आणि त्याखालची चटईसुद्धा आहे. नाही ती फक्त एकच वस्तू, जिच्यावाचून बाकीच्या साऱ्या निर्जीव असतात. ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ९८ यंत्रात 'होतेच'. ते कुठून आले, हे मी विचारले नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. तेव्हा गावात सगळ्यांकडे तसेच होते. एक सीडी चार घरी फिरे आणि ज्याने ती दिली तो उपकारकर्ता ठरे. पुढे २००१ साली विंडोज एक्सपी आले, तेव्हापासून कंपनीने ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ म्हणजे कंपनीकडे नोंद करण्याची अट घातली. मग फिरत्या सीडीबरोबर ती अट चुकवण्याची युक्तीही फिरू लागली.

याबाबत कायदा काय म्हणतो, हे मी या दिवाळीत पहिल्यांदा नीट वाचले. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅम त्यात साहित्यकृती म्हणून दाखल झाला. म्हणजे कायद्याच्या लेखी विंडोज आणि एखादी कादंबरी एकाच पंगतीत बसतात. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून अमलात आली आणि तिने कलम ६३ ब आणले. प्रोग्रॅमची चोरप्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. त्याच कलमात घरगुती माणसासाठी एक सवलत आहे. वापर नफ्यासाठी किंवा धंद्याच्या ओघात झालेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून कैद टाळू शकते आणि पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकते.

मी ही सवलत वाचून सुटकेचा श्वास टाकणार होतो. पण आमचा संगणक घरगुती तरी कुठे होता? सकाळी त्यावर मी शाळेच्या प्रश्नपत्रिका करी, हे खरे. पण संध्याकाळी मुलगा त्याच संगणकावर खळ्याचा हिशेब लिही. कोणत्या शेतकऱ्याचे किती देणे, कोणत्या गाडीत किती गोणी भरल्या, कोणाला किती उचल दिली, हे सारे त्याच पेटीत होते. लहान गावातल्या किती घरांत संगणक असा एकाच वेळी घरचाही आणि दुकानाचाही असतो! 'आम्ही काय, घरी वापरतो' या वाक्याने आपण स्वतःची जी समजूत घालतो, ती अशा घरांत टिकत नाही.

याची किंमत आम्ही एकदा मोजलीही आहे. २०१७ चा उन्हाळा, उन्हाळ कांद्याचा ऐन हंगाम. एके सकाळी संगणक उघडला तर हिशेबाची एकही फाइल उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची मागणी. त्याच वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला होता. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांची कामेसुद्धा अडली होती. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो विषाणू शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती कंपनीने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आमच्या यंत्रात नेमका कोणता विषाणू शिरला ते कळले नाही. पण दुरुस्ती आम्ही कधीच घेतली नव्हती, हे मात्र कळले. विंडोज टाकून देणाऱ्याने ती वाटच बंद करून ठेवली होती, कारण वाट उघडी राहिली असती तर प्रत चोरीची असल्याचे उघडकीला आले असते. चोरीच्या प्रतीचा खरा तोटा हा आहे. ती फुकट मिळते, पण तिच्यामागे कोणी उभा नसतो.

त्या आठवड्यात मुलगा रात्र रात्र बसून कागदी पट्ट्यांच्या स्थळप्रतींवरून सारा हिशेब पुन्हा उभा करत होता. शेतकऱ्यांचे पैसे बुडाले नाहीत, पण काहींना उशिरा मिळाले. दारात येऊन ते विचारत आणि मुलगा मान खाली घालून 'दोन दिवस थांबा, काका' म्हणे. आम्हाला त्या वेळी कागदाने तारले. तरीही आम्ही शहाणे झालो नाही. आम्ही डिस्क पुसली आणि पुन्हा तशीच प्रत टाकून घेतली.

आता ही पावती म्हणजे नेमकी काय, ते सांगतो. आपण ऑपरेटिंग सिस्टिम विकत घेतो असे म्हणतो, पण कंपनीच्या करारात ती विकल्याचे लिहिलेले नसते. वापरायला परवानगी दिली, एवढेच असते. ही परवानगी मुख्यतः तीन तऱ्हांची. पहिली यंत्राबरोबर येणारी. तयार लॅपटॉप घेतला की विंडोज आत असते आणि त्याची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेली असते. पूर्वी यंत्राच्या अंगावर किल्लीचे लेबल चिकटवलेले असे. २०१२ नंतरच्या तयार यंत्रांत ती किल्ली बहुधा मदरबोर्डातच कोरलेली असते. ही परवानगी त्या यंत्राशी बांधलेली. यंत्र विकले तर त्याच्याबरोबर जाईल, पण काढून दुसऱ्या यंत्रात घालता येणार नाही. दुसरी वेगळी विकत घेतलेली, काही हजारांची. ती एका वेळी एकाच यंत्रावर चालते, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येते. तिसरी मोठ्या संस्थांना घाऊक दिलेली. ती त्या संस्थेच्या यंत्रांसाठीच असते. बाजारात दोनशे-पाचशे रुपयांना ज्या किल्ल्या मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा अशा घाऊक परवान्यातून बाहेर पडलेल्या असतात. पैसे देऊनही आपल्या हाती परवाना येत नाही; किल्ली आज लागते आणि उद्या कंपनीने बंद केली की दाद कुणाकडे मागणार?

इथपर्यंत मी ग्राहकाचे आणि दुकानदाराचे कान धरले. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कोणत्या घरातल्या माणसाने हा करार आजवर वाचला आहे? तो यंत्र घरी आणल्यावर, पैसे चुकते झाल्यावर पडद्यावर येतो. पानामागून पान, वकिली भाषा. खाली 'मान्य आहे' असे बटण. ते दाबले नाही तर यंत्र पुढे सरकत नाही. पूर्वी देशातल्या कितीतरी बाजारांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता बघे. बाजार समित्यांच्या कायद्याने ते रुमाल उचलले आणि उघड लिलाव आणला. परवान्याचा हा करार मला त्या रुमालासारखाच वाटतो. सारे काही आपल्यासमोर घडते, पण आपल्याला दिसत काही नाही.

गंमत अशी की, हा व्यवहार विक्रीचा की परवानगीचा, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयातही वाद झाले आहेत. दोन्ही वाद करांचे होते. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि आंध्र प्रदेश सरकार यांच्यातल्या खटल्यात न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागतो, असे सांगितले. पुढे २०२१ साली परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिलेल्या पैशांवरच्या प्राप्तिकराचा प्रश्न आला. तेव्हाही न्यायालयाने, ग्राहकाला कॉपीराइट मिळत नाही, त्याला प्रोग्रॅमची प्रत मिळते आणि असा व्यवहार मालाच्या विक्रीसारखाच आहे, असा निर्वाळा दिला. म्हणजे कर घेताना तो माल आणि वापरताना ती नुसती परवानगी. सामान्य माणसाने कोणते खरे मानायचे?

घरच्या वापरासाठी कायद्याने एक लहानसे दारही ठेवले आहे. कायदेशीरपणे हाती आलेल्या प्रोग्रॅमची, तो नष्ट होईल या भीतीपोटी, एक राखीव प्रत करून ठेवायला मुभा आहे. १९९९ च्या दुरुस्तीने आणखी एक मुभा दिली: स्वतः कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून, धंद्यासाठी नव्हे तर स्वतःच्या वापरासाठी केलेली प्रत हा भंग मानला जात नाही. पण कंपनीच्या करारात मात्र 'एक परवाना, एक यंत्र'. कायद्याचे कलम आणि कराराचे कलम यांतले वजनदार कोणते, हे ठरवायला घरच्या माणसाने कोर्टाची पायरी चढावी, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

आमच्या भागातल्या वाचकांना हा पेच बियाण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. निफाड, येवला, चांदवड तालुक्यांतले कितीतरी शेतकरी डोंगळे लावून घरचे उळे तयार करतात. नव्या वाणावर संशोधकाचा हक्क असतो, हे मान्य करूनही २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून ठेवला. संरक्षित वाणाचे बी राखावे, पेरावे, शेजाऱ्याशी अदलाबदल करावी, विकावेसुद्धा. फक्त त्या वाणाच्या नावाने पाकिटात घालून ब्रँड म्हणून विकू नये. निर्मात्याचा मानही राहिला आणि शेतकऱ्याची कोठीही. संगणकाच्या बाबतीत घरगुती माणसाचा हक्क इतक्या सोप्या भाषेत त्याच्यापर्यंत कोणी पोचवलेला नाही.

निर्मात्याचा मान, हे शब्द मी मुद्दाम वापरले. १९७६ साली अवघ्या विशीतल्या बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना एक उघड पत्र लिहिले होते. तुम्ही यंत्राचे पैसे देता आणि आम्ही महिनोन् महिने खपून लिहिलेला प्रोग्रॅम मात्र फुकट वाटून घेता, अशी त्याची तक्रार होती. पुढे तो जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला म्हणून त्या वेळची तक्रार खोटी ठरत नाही. आणि मला हे आता परक्याचे दुःख म्हणून सांगताही येत नाही. माझी मुलगी पुण्यात प्रोग्रॅम लिहूनच पोट भरते. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून एवढेच म्हणाली, "बाबा, मी जे करते त्याचे पैसे लोकांनी द्यायला नकोत का?" यावर मला उत्तर नव्हते. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरातले उतरवून घेणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर काढले आहे. त्या मुलांनी निदान एकदाच उतरवले होते.

मग ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करावे? संगणकाशिवाय राहावे? मुळीच नाही. कायद्याच्या आत राहून पैसे न देण्याचा एक रस्ता आहे, आणि तो आडवाटेचा नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल नावाच्या परवान्याखाली खुला केला. हाही परवानाच आहे, पण उलट्या दिशेचा. वापरा, प्रती काढा, शेजाऱ्याला द्या, बदल करा. अट एवढीच की पुढे देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. घरच्या उळ्याच्या देवघेवीसारखेच आहे हे. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने लिनक्सवरच 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली २००७ साली आणली. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षे खुल्या प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत. त्यांना चोरप्रत वापरण्याची वेळच येत नाही.

लिनक्समध्ये सारे गोड आहे असे मी म्हणणार नाही. मुलाचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम त्यावर चालला नाही. प्रिंटर पहिल्या दिवशी बोलायला तयार नव्हता. पण मराठी टंकलेखन, पत्रव्यवहार, इंटरनेट, नातीचा अभ्यास, एवढ्याला ते पुरून उरते, आणि २०१६ चे यंत्र त्यावर कुरकुर न करता चालते.

शेवटी आमच्या घरात असा तोडगा निघाला. धंदा ज्यावर चालतो त्याचे पैसे धंद्याने द्यायचे. मुलाने खळ्यासाठी नवे यंत्र घेतले, परवान्यासह, आणि बिलावर विंडोजचा उल्लेख लिहून घेतला. घरच्या जुन्या संगणकावर नातीने आणि माझ्या त्या विद्यार्थ्याने मिळून लिनक्स टाकले. त्याने दोन तास मेहनत केली. मी पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवले, तेव्हा तो संकोचला. म्हटले, "अरे, हे तुझ्या कामाचे. याची पावती दे." त्याने वहीचे पान फाडून लिहून दिली.

या मुलांना चोर ठरवून प्रश्न सुटणार नाही. ते गिऱ्हाईक मागेल ते देतात, आणि गिऱ्हाईक पावती मागत नाही. तेव्हा मागण्या तीनच. प्रत्येक विक्रेत्याने बिलावर ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी ओळ लिहावी: कोणती, कोणत्या तऱ्हेच्या परवान्याची, किती रुपयांची, आणि खुली असेल तर तसे. कंपन्यांनी घरगुती परवान्याचा सारांश एका पानात, मराठीत, पैसे घेण्याआधी हाती द्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक कराराला नाव दिले आहे. ग्राहक संघटनांनी हा करार त्या मापाने एकदा मोजून पाहावा. आणि शाळांनी संगणक शिकवताना पहिल्याच तासाला, हा प्रोग्रॅम कोणाचा आणि तो आपल्याकडे कसा आला, हे मुलांना सांगावे. मी हे वर्गात कधी सांगितले नाही.

आज रविवार आहे. घरातल्या संगणकाचे बिल शोधून काढा आणि त्यात ती ओळ आहे का, पाहा. नसेल तर घरातल्या मुलांसमोरच पाहा. माझ्या फायलीत आता २००० सालच्या त्या बिलाला वहीचे एक पान टाचणीने जोडलेले आहे.